गाणी बिघडली की आवाज? मेटॅलिकाच्या अल्बमवरचं भांडण कसं सोडवायचं

प्रश्न थोडक्यात असा: मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा '७२ सीझन्स' हा अल्बम (एप्रिल २०२३) आल्यापासून मित्रांच्या गटात तीन तट पडलेत. एकाचं म्हणणं, आवाज त्यांच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'सारखाच चेंगरलेला आहे. दुसरा म्हणतो आवाज झकास, पण गाणी रबरासारखी ताणलीत. तिसरा म्हणतो एलपीवर (विनाइल तबकडीवर) ऐका, तक्रारच उरणार नाही. यातलं काही मोजून ठरवता येतं का?

बरंचसं येतं. पण आधी भांडणाचे धागे सुटे करायला हवेत. अल्बम चार हातांतून जातो: रचना, वादन आणि ध्वनिमुद्रण, मिक्स (वाद्यांच्या पातळ्या एकमेकांशी जुळवणं), मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात). पाचवा टप्पा तुमच्या घरातला, म्हणजे सीडी, स्ट्रीमिंग, एलपी, हेडफोन. चाहते एका टप्प्याचा राग सर्रास दुसऱ्यावर काढतात, आणि 'प्रॉडक्शन वाईट आहे' या एका वाक्यात पाचही कोंबतात. मेटॅलिकाच्या चाहत्यांची त्यातल्या त्यात सोय अशी, की जवळपास प्रत्येक टप्प्यावरच्या घोळाचा एकेक ठसठशीत नमुना या बँडनं स्वतःच देऊन ठेवला आहे.

'सेंट अँगर' (२००३) घ्या. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला तारांची एक पट्टी टेकलेली असते आणि बाजूच्या खटक्यानं ती सोडता येते. ड्रमर लार्स उलरिकनं ती सोडून वाजवलं, त्यामुळे ठोक्यातली 'च्छट' गेली आणि रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा टणत्कार राहिला. हा मुद्रणाच्या वेळचा निर्णय. तो मिक्समध्ये थोडाफार झाकता येतो, मास्टरिंगमध्ये अजिबात नाही. त्याच अल्बममध्ये गिटारचे सोलो नाहीत, हा मात्र रचनेचा निर्णय. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण एकाच माणसाच्या माथी मारण्यासारख्या नाहीत.

'...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) हा मिक्सचा घोळ. बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्या जोडीतल्या स्टीव्ह थॉम्प्सननं पुढे मुलाखतींत सांगितलं, की बेस खाली आणायला लार्सनं लावलं. शिवाय बेस बहुतेक ठिकाणी गिटारच्या रिफबरोबर (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सूर-से-सूर चालतो आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डची गिटारही खालच्या पट्ट्यात जाडजूड आहे. एकाच जागेत दोघं उभे राहिले की ज्याची पातळी कमी तो दिसेनासा होतो. इक्वलायझरवर ८० हर्ट्झ (खालचे जाड सूर) वाढवून जेसन परत येत नाही, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि गिटारच फुगतात. २०१८ची आवृत्ती पुन्हा मास्टर केलेली होती, पुन्हा मिक्स केलेली नव्हती, त्यामुळे बेस तिथेच राहिला. 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' यांतला हा फरक पक्का लक्षात ठेवला तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

आता 'डेथ मॅग्नेटिक', कारण खरा गुंता इथे आहे.

१२ सप्टेंबर २००८ला अल्बम आला. निर्माता रिक रूबिन, मास्टरिंग टेड जेन्सनचं. त्याच सुमारास अल्बमची गाणी 'गिटार हिरो ३' या गेमसाठीही विकायला आली. गेममध्ये खेळणारा चुकला की फक्त त्याचं वाद्य गप्प व्हायला हवं, म्हणून गेमला प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा द्यावा लागतो. ते सुटे ट्रॅक मास्टरिंगच्या आधीचे. चाहत्यांनी ते बाहेर काढले, सीडीशेजारी ठेवले आणि बोंब झाली: सीडीवर स्नेअर गिटारच्या भिंतीत गाडलेला, गेममध्ये तो मोकळा. पुन्हा मिक्स करून द्या अशा मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. टेड जेन्सननं एका चाहत्याला कळवलं, की आपल्याकडे मिक्स आलं तेच आधी ठेचून आलेलं होतं. लार्सनं मात्र तो आवाज जाहीरपणे उचलून धरला.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या कुठल्याही अल्बमवर स्वतः मत देता येईल. कुठल्याही ठोक्यात एक क्षणभराचं टोक असतं आणि मागे उरणारी शेपटी असते. ताशावर काडी पडते तेव्हा गर्दीतही ती वेगळी कळते, ती या टोकामुळे. जवळ माइक लावून घेतलेल्या स्नेअरमध्ये टोक आणि सरासरी पातळी यांत २० डेसिबलचं अंतर सहज असतं. फाटलेल्या आवाजाची मेटल गिटार नेमकी उलट. ती अँपमध्येच चेपली जाते, तिच्यात टोक जवळपास नसतंच. म्हणजे मेटलमध्ये उठाव देणारं एकच वाद्य उरतं, ड्रम.

डिजिटल फाइलला छत असतं आणि टोक त्याच्या वर जाऊ शकत नाही. संपूर्ण गाणं मोठं ऐकू यावं असं वाटलं तर सरासरी वर उचलावी लागते, म्हणजे टोकं छाटावी लागतात. हे काम लिमिटर करतो. एखाद्या ठोक्याला ३-४ डेसिबल दाब पडला तर कान माफ करतो. ८-१० पडला की ड्रम मागे जातात, कारण छाटलं जातं ते फक्त त्यांचंच. गिटारमध्ये छाटण्यासारखं काही नसतंच. दुसरी अडचण वेगाची. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० मात्रा) दोन्ही पायांनी वाजणाऱ्या डबल किकचे, मात्रेला चार असे, ठोके सुमारे ८३ मिलिसेकंदांवर एक असे येतात. लिमिटरला दाब सोडून पूर्ववत व्हायला १०० ते २०० मिलिसेकंद दिले असतील तर तो दोन ठोक्यांच्या मध्ये सावरतच नाही. सगळं गाणं कायमचं दाबलेलं राहतं आणि झांजांचा आवाज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. सोडण्याचा वेळ फार कमी ठेवला तर बेसच्या लाटाच वाकड्या होतात. मधली जागा अरुंद असते, आणि पातळीचा हट्ट जितका मोठा तितकी ती आणखी अरुंद.

क्लिपिंग त्याहून आडदांड: टोक सरळ कापायचं. थोडं असेल तर ते उपयोगीही असतं, हे बरेच चाहते विसरतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एका मिलिसेकंदात ४४. सलग ३-४ नमुने सपाट असतील तर ते सहसा ऐकू येत नाहीत. ४०-५० सलग सपाट दिसले आणि तेही मिनिटाला शेकडो वेळा, की कडकड कानाला कळते. 'द डे दॅट नेव्हर कम्स'ची सुरुवात चांगल्या हेडफोनवर ऐका. गिटार स्वच्छ आहे, मागे गर्दी नाही. ड्रम शिरले की किकबरोबर एक कोरडा तडतडाट येतो. स्पीकर फाटलाय असं वाटतं, पण तो तडतडाट फाइलमध्येच आहे. आवाज कमी केला तरी तो जात नाही, फक्त हळू होतो.

तरीही गेमच्या आवृत्तीला मी 'खरा डेथ मॅग्नेटिक' म्हणणार नाही. तिथे वाद्यांच्या पातळ्या गेमच्या सोयीनं लावलेल्या, आणि शेवटचा तोल कुणी साधलेलाच नाही. डायनॅमिक रेंज मीटरवर (टोक आणि सरासरी यांतलं अंतर मोजणारा; आकडा मोठा तितका आवाज मोकळा) सीडी ३ आणि गेम १२ ही तुलना तेव्हा गाजली. तिनं दिशा बरोबर दाखवली, पण ती मास्टर विरुद्ध मास्टर अशी सरळ तुलना नव्हे. २०१५ साली आयट्यून्ससाठी त्याच अल्बमचं कमी दाबलेलं मास्टर आलं, ते जास्त न्याय्य माप आहे. आज कुणाला पहिल्यांदा ऐकायचा असेल तर तेच घ्यावं. जुनी सीडी डी-क्लिप (कापलेली टोकं पुन्हा उभारणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून काढणारे पुष्कळ आहेत; त्यांच्यासाठी एक सूचना. क्लिपिंग आधी झालं आणि त्यावर नंतर आणखी प्रक्रिया झाली, की कापलेली टोकं छताच्या खाली, वेगवेगळ्या उंचीवर सापडतात. सॉफ्टवेअर फक्त छताशी शोधतं आणि 'काही नाही' सांगतं. उंबरठा हातानं २-३ डेसिबल खाली आणावा लागतो. फार खाली आणलात तर गिटारच्या धडधाकट लाटांवरही ते टेकाडं उभारतं.

आता प्रत्यक्ष तुलना कशी करायची. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पातळीत. दोन तुकड्यांत एका डेसिबलचाही फरक असला तर मोठा तुकडा कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. म्हणून आधी पातळी बरोबरीला आणा. फूबार२००० या प्लेअरमध्ये पातळी जुळवणारा रिप्लेगेन अल्बम पद्धतीनं मोजून लावता येतो, ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. दोन्ही तुकडे उणे १८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचं माप) आणा, आणि मोजताना गाण्याचा तोच भाग घ्या. अख्खं गाणं घेतलंत तर एका आवृत्तीतली लांब शांत सुरुवात आकडा फिरवते. दोन तुकड्यांतला फरक ०.२ डेसिबलच्या आत हवा. मग फूबारच्या एबीएक्स चाचणीनं, म्हणजे कुठला तुकडा वाजतोय ते न बघता, ऐकून ओळखा. १६ पैकी १२ बरोबर आले तर केवळ नशिबानं तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. १० पैकी ८ आले म्हणून उड्या मारू नका, ती शक्यता साडेपाच टक्के आहे. गटातल्या 'मला स्पष्ट कळतं' म्हणणाऱ्याला आधी याला बसवा. वाद तिथेच बराच शांत होतो.

फाइल कुठली, हाही प्रश्न आहे. क्लिपिंग बघायचं असेल तर सीडीवरून काढलेली किंवा लॉसलेस फाइलच हवी. एमपी३ किंवा यूट्यूबवरची प्रत उघडताना लाटा थोड्या बदलतात, सपाट टोकं गोल दिसतात आणि मीटर भलताच आकडा देतो. ऑडॅसिटीत 'शो क्लिपिंग' चालू केलं की लाल रेघा उमटतात. पण लाल रंग बघून निकाल देऊ नका. मोठं करून किती नमुने सलग सपाट आहेत ते मोजा. आणि लाटेची नुसती विटेसारखी आकृती बघून अल्बम नापास करणं हा तर आळशीपणा. अशा विटेसारखे दिसणारे, तरीही उत्तम वाजणारे मेटल अल्बम भरपूर आहेत.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६च्या. म्हणजे उणे ६ला ठेचलेला अल्बम स्पॉटिफायवर ८ डेसिबल खाली खेचला जातो. जोर तर गेलाच, शिवाय छाटलेली टोकं परत येत नाहीत ती नाहीतच. मोकळं ठेवलेलं मास्टर तिथे उलट जास्त दणकट वाटतं. दुसरं, पूर्ण अल्बम क्रमानं लावला की स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच फरक लावतं. प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं वेगळं मोजतं. त्यामुळे 'नवं गाणं जुन्यापेक्षा हळू वाजतं' अशी तक्रार आली तर आधी कुठे ऐकलं ते विचारा. आणि फोनमधलं डॉल्बी ॲटमॉस, बेस बूस्ट, इक्वलायझर बंद केल्याशिवाय मास्टरिंगवर बोलूच नका. स्नेअर गाडला गेल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच विरतात.

एलपीवाल्या मित्राचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. एलपीसाठी वेगळं, कमी दाबलेलं मास्टर केलं असेल तर फरक खरा असतो. पण तेच डिजिटल मास्टर तबकडी कोरणाऱ्या लेथवर कापलं असेल तर काही परत मिळत नाही. फसगत करतो तो मीटर. एलपी वाजवून पुन्हा मुद्रित केली, की कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि प्रीअँप लाटेतल्या वेगवेगळ्या कंप्रतांचं (फ्रिक्वेन्सींचं) वेळेतलं नातं किंचित हलवतात. सपाट टोक तिरकं होतं, त्याचा एक कोपरा वर जातो आणि मीटर २-४ अंक जास्त दाखवतो. कानाला काही मिळालेलं नसतं. तिरक्या, पण सरळ रेघेत कापलेल्या टोकांवरून हे ओळखता येतं. लांबीचं म्हणाल तर '७२ सीझन्स'ची ७७ मिनिटं दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर आहेत, बाजूला सुमारे १९ मिनिटं. हे आरामात बसतं. 'मास्टर ऑफ पपेट्स' या त्यांच्या जुन्या अल्बमची ५५ मिनिटं एकाच तबकडीवर होती, बाजूला २७. तिथे खोबण उथळ आणि पातळी कमी ठेवावी लागते, म्हणून जुन्या प्रतींवर खरखर जास्त जाणवते.

(बंगळूरच्या ३० ऑक्टोबर २०११च्या मैफलीला जाऊन आलेले 'लाइव्हमध्ये किक छातीत बसते, अल्बममध्ये का नाही' असं म्हणतात. मैदानातल्या स्पीकरांची ताकद आणि तुमच्या इअरफोनची ताकद यांत अल्बमचा काही दोष नाही. तो पुरावा बाजूला ठेवा.)

आता मूळ प्रश्नावर. '७२ सीझन्स'ची निर्मिती ग्रेग फिडेलमनची, हेटफिल्ड आणि उलरिकबरोबर. हाच फिडेलमन 'डेथ मॅग्नेटिक'च्या मुद्रण-मिक्समध्ये होता, म्हणून पहिल्या मित्राला संशय येणं साहजिक आहे. पण कानाला पटत नाही. अल्बम जोरातला आहेच, या बँडकडून वेगळी अपेक्षाही नाही. मात्र स्नेअरचा ठोका शाबूत आहे, बेस वेगळा काढून ऐकता येतो आणि किकबरोबर तडतड नाही. 'इनामोराटा'च्या मधल्या शांत भागात बेसला मोकळी जागा मिळते. 'डेथ मॅग्नेटिक'च्या पद्धतीनं मास्टर केला असता तर तो भाग आणि बाकीचं गाणं यांत पातळीचा फरक फारसा उरला नसता. आवाजाच्या आघाडीवर माझं मत दुसऱ्या मित्राच्या बाजूनं.

गाणी ताणली आहेत का, हे मात्र नुसत्या मिनिटांवरून ठरत नाही. '७२ सीझन्स'मध्ये १२ गाणी ७७ मिनिटांत, सरासरी सव्वासहाच्या थोडं वर. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये ८ गाणी ५५ मिनिटांत, सरासरी पावणेसातच्या वर. ज्या अल्बमला कुणी लांबट म्हणत नाही त्याची गाणी सरासरीनं जास्त लांब आहेत! 'जस्टिस'ची ९ गाणी ६५ मिनिटांत, सरासरी सव्वासात. तेव्हा मोजायचं ते गाण्यात किती वेळानं काही नवीन घडतं ते.

कागद घ्या, घड्याळ घ्या. रिफ बदलला, गती बदलली, ड्रमचा ठेका बदलला, गिटारचा दुसरा सूर जोडला गेला, आवाज थांबला, असं काहीही झालं की वेळ लिहा. रिफ परत आला तर त्यात काही फरक आहे का तेही लिहा. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं साडेआठ मिनिटांचं, पण मधोमध ते मंदावतं, स्वच्छ गिटार येतात, जोडसुरांची धून येते, हेटफिल्डचा सोलो, मग पुन्हा चढ आणि दुसरा गिटारवादक कर्क हॅमेटचा सोलो. नोंदींमधलं अंतर क्वचितच लांबतं. हाच प्रयोग '७२ सीझन्स'वर केला की दोन गोष्टी वारंवार दिसतात: सुरुवातीचा रिफ गरजेपेक्षा जास्त वेळा फिरतो, आणि सोलोनंतर कोरस जसाच्या तसा परत येतो. 'यू मस्ट बर्न!' आणि 'क्राउन ऑफ बार्ब्ड वायर' यांसारखी मध्यम गतीची गाणी त्यामुळे जड जातात. साडेतीन मिनिटांच्या आत संपणारं 'लक्स इटर्ना' सगळ्यांना आवडलं ते केवळ वेगामुळे नव्हे. त्यात फेऱ्या कापलेल्या आहेत. आणि ११ मिनिटं १० सेकंदांचं, बँडचं आजवरचं सर्वांत लांब गाणं 'इनामोराटा' मात्र कंटाळवाणं होत नाही, कारण ते मध्येच पूर्ण रिकामं होऊन पुन्हा उभं राहतं.

हॅमेटच्या सोलोंवरची 'सगळीकडे वाह पेडल (गिटारला 'वा-वा' असा आवाज देणारं पायातलं यंत्र)' ही तक्रार खरी आहे, पण पेडल हे लक्षण आहे, मूळ कारण वेगळं. सोलो त्यानं मुद्दाम उत्स्फूर्त ठेवले, आधी बांधले नाहीत. आवडणं-न आवडणं इथे आवडीचं, त्यात चूक-बरोबर काढू नका.

गटासाठी एक प्रयोग: '७२ सीझन्स', 'शॅडोज फॉलो', 'स्क्रीमिंग सुइसाइड', 'इफ डार्कनेस हॅड अ सन', 'लक्स इटर्ना', 'चेसिंग लाइट', 'रूम ऑफ मिरर्स' आणि शेवटी 'इनामोराटा', अशी आठच गाणी लावा. ५० मिनिटांच्या थोडं वर, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या एका एलपीच्या मापाचा अल्बम होतो. आठवडाभर तेवढंच ऐका. 'ताणलंय'ची तक्रार नाहीशी झाली तर दोष निवडीत होता. सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर जागा होती म्हणून सगळं ठेवलं गेलं. तक्रार तशीच राहिली तर त्या मित्राला हे रिफच आवडलेले नाहीत, आणि त्यावर कुठलंही मास्टर, कुठलीही तबकडी चालणार नाही.